तीन चाव्या आणि शिशाचं भांडं

१

खोली उघडली तेव्हा आत एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, गेल्या चतुर्थीचं मखर होतं, आणि 'सुरक्षा हाच आमचा धर्म' असा फलक भिंतीकडे तोंड करून उभा होता. जे असायला हवं होतं, तेवढंच नव्हतं.

"भांडं कुठाय?" सुमंगला गावसने विचारलं.

दत्तप्रसाद केणी यांनी खोलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा खोलीकडे. अणुदीप एनर्जीचे ते संचालक. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक कार्यालयातली ही बाई आगाऊ न कळवता आली, हे त्यांना सकाळपासून सलत होतं. आता सलायला आणखी मोठं कारण मिळालं.

"चोरी!" ते म्हणाले. चोरीवर त्यांनी इतक्या चटकन बोट ठेवलं, की जणू ते बोट आधीपासून तयार ठेवलेलं होतं.

हे भांडं म्हणजे स्वयंपाकघरातलं नव्हे. गोव्यात मुळगावच्या पुढे पाजवाड्याला लोहखाण चालू होती तेव्हा इथे खनिज धुवायचा प्लांट होता. नळातून वाहणारा चिखल किती दाट आहे ते कळावं म्हणून नळाच्या अंगाला एक शिशाचं भांडं बसवलेलं असे. त्याच्या पोटात सीझियमचा हरभऱ्याएवढा दाणा. दांडा फिरवला की झडप उघडून एका बाजूने किरण बाहेर पडतात. दांडा मिटला की भांडं म्हणजे नुसतं ओझं. पुढे खाण बंद पडली. मालक गेले, इंजिनियर गेले, भांडं राहिलं. किरणांना खाणबंदीचा आदेश लागू होत नाही.

आता त्याच खाणीच्या खड्ड्यात अणुदीपला छोटी अणुभट्टी उभारायची होती. खड्डा आयता होता, पाणी आयतं होतं, फक्त पैसा नव्हता. तो घेऊन गुंतवणूकदार उद्या सकाळी येणार होते. आकडा असा होता, की त्यातली शून्यं एका दमात वाचता येत नव्हती.

"कुलूप फोडलेलं नाही," सुमंगला म्हणाली. "चाव्या किती?"

"तीन," मागून उत्तर आलं. सर्वेश आजगावकर, कंपनीचा जनसंपर्क अधिकारी. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, चेहराही इस्त्रीचाच. "एक साहेबांकडे, एक माझ्याकडे, एक वॉचमनकडे."

"म्हणजे वॉचमन," दत्तप्रसाद म्हणाले.

तीनातून दोन वजा करायचा हा त्यांचा हिशेब इतका सरळ होता, की अर्ध्या तासात पोलिसांनी भिकाजी वॉचमनला जीपमध्ये घातलं.

२

पोलीस ठाण्याच्या पायरीवर एक मुलगी बसली होती. सुमंगलाच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून ती उठली.

"तुम्हीच ती मुंबयची बाय? तुम्ही इलात आणि माझ्या बापाशीक धरल्यानी. काल येवक काय झाला होता तुमका?"

ही सिद्धी, भिकाजीची मुलगी. सुमंगलाने उत्तर असल्यासारखी मान हलवली आणि आत गेली.

इन्स्पेक्टर सागर नाईक प्रसन्न होता. त्याच्या नोकरीत आजवर सायकली, मंगळसूत्रं आणि एकदा रेडा एवढंच चोरीला गेलं होतं. किरणोत्सर्गी पदार्थ हे त्याला बढतीसारखं वाटत होतं.

"उद्या कोर्टात उभा करतो. दहशतवादाचं कलम लावलंय. जामीन नाही."

"दहशत कोणाला बसली?"

"मॅडम, मला बसली ना!"

कोठडीत भिकाजी भिंतीला टेकून उभा होता. साठीकडे झुकलेला, सावंतवाडीकडचा. खाण चालू असतानाच इथे आला होता आणि खाण गेल्यावरही राहिला, कारण त्याला जा असं सांगायला कोणी उरलं नव्हतं.

"मी त्या भांड्याक हात लावूक नाय," तो म्हणाला. "इतकी वर्षां लावूक नाय, आता कित्याक लावीन? आणि बाये, चोरून नेवन करू काय? त्यात आमटी शिजवू?"

"भंगारवाल्याला?"

"भंगारवाल्यान घेतला असता तर एवढी वर्षां वाचला असता ता?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून सागरने तो लिहून घेतला नाही.

"उद्या सकाळपर्यंत भांडं मिळालं तर?" सुमंगलाने बाहेर येताना विचारलं.

"तर मुद्देमाल जप्त," सागर म्हणाला. "आरोपी तोच."

३

अणुदीपच्या कार्यालयात एसी इतका जोरात होता, की अणुभट्टीची गरज पटावी.

"ही बातमी उद्या दुपारपर्यंत बाहेर जायला नको," दत्तप्रसाद म्हणाले.

"भांडं बाहेर गेलंय, त्याचं काय?"

"मॅडम, देशाला वीज हवी आहे. विजेला भांडवल हवं आहे. भांडवलाला विश्वास हवा आहे. तुम्ही एका जुन्या भांड्यासाठी..."

"तुमच्या आराखड्यात सुरक्षेचा खर्च कितव्या वर्षापासून आहे?"

"सहाव्या. आधी पैसा उभा राहू दे, मग सुरक्षा. अंडं आधी की कोंबडी, तसा प्रश्न आहे हा."

"अंडं हरवलंय," सुमंगला म्हणाली.

उद्याच्या पाहुण्यांबरोबर त्यांचा स्वतःचा तज्ज्ञ किरणमापक घेऊन येणार आहे, हे तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर दत्तप्रसाद यांनी सांगितलं. आणि हेही, की भांड्याची नोंद गुंतवणूकदारांना दिलेल्या माहितीत नाही.

"म्हणजे ते सापडलं असतं तर तुमची पंचाईत होती."

"हरवल्यामुळे कमी झाली, असं वाटतंय का तुम्हाला?" ते ओरडले. ओरडण्यात राग खरा होता. सुमंगलाने तो बाजूला ठेवला.

सर्वेशने तिला कॅमेरे दाखवले. सगळे समोरच्या गेटवर, म्हणजे गुंतवणूकदार ज्या दिशेने येतात त्या दिशेला. त्यांत दोन दिवसांत कोणतीच गाडी बाहेर गेलेली दिसत नव्हती.

"आणि मागे?"

"मागे कुंपण आहे. थोडं मोडलंय. पलीकडे गावाचं रान. तिथे जायचं झालं तर जयराम गावकराची माणसं दगड मारतात, मॅडम. आम्हाला भायले म्हणतात, म्हणजे बाहेरचे. मी पेडण्याचो, मोरजीच्या पलीकडचो, तरी भायलोच!" तो हसला. "तरी आम्ही सगळ्यांच्या श्रद्धांचा आदर करतो. माहितीपत्रकात पान आहे त्याचं."

"भांडं किती जड होतं?"

"एकट्याने उचलेल कोणी. पण उचलल्यावर पस्तावेल."

सुमंगलाने मान वर केली. सर्वेशने लगेच पुढे जोडलं, "असं भिकाजी म्हणायचा."

भांडं गाडीने गेलं नाही. कुलूप चावीने उघडलं. म्हणजे ते पायी गेलं, आणि पायी फार लांब जात नाही. राहता राहिलं रान, आणि रानात दगड.

४

पहिला दगड पायाजवळ पडला, दुसरा पडण्याआधी जयराम गावकर स्वतः पुढे आला. जयरामचे एके काळी खाणीवर सात ट्रक होते. तेव्हा त्याला धूळ दिसत नव्हती, कारण ती त्याचेच ट्रक उडवत. आता ट्रक गंजले होते आणि तो पर्यावरणवादी झाला होता. तरी पर्यावरणाबद्दल तो जे बोले ते बहुतेक खरं असे, ही त्यातली अडचण.

"कंपनीचें माणूस?"

"नाही. सरकारी."

"म्हणजे कंपनीचेंच. तू कोणाची गो? खंयची?"

"मयेच्या गावसांची. आजोळ मुळगावचं."

"गावसांची धूव जावन ह्या लोकांची चाकरी करता?" जयराम थुंकला, पण जरा बाजूला. नातं निघालं की गोव्यात माणूस बाजूला थुंकतो. "आयक. विहिरी सुकल्यो, आमी गप्प. शेतांत लाल चिखल आयलो, आमी गप्प. आतां अणुबाँब घालतले म्हणटात..."

"बाँब नव्हे. भट्टी."

"भट्टी म्हणजे सोऱ्याची. ती आमकां बरी कळटा. ही कसली?" मागच्या पोरांनी हसून घेतलं. जयराम चढला. "एक भांडें सांबाळूंक जायना आनी तेचो बापूय हाडटात! आनी वयर आमच्या देवचाराची मस्करी! काल कोणेंतरी ताका केळीं घातलीं. केळीं! नव्यो व्हाणो घातल्यो! हळद-कुंकूं! आमचो देवचार शिवराक रे?"

पोरं हसली नाहीत. हा विषय हसण्याचा नव्हता. गावाची वेस राखणारा देवचार. तो शिवराक म्हणजे शाकाहारी नव्हेच; त्याला सोरो म्हणजे दारू लागते, विडी लागते, अवसेला भाजलेला सुका बांगडा लागतो. त्याच्यापुढे केळी म्हणजे फौजदारापुढे चॉकलेट.

"मग काढून का नाही टाकली?" सुमंगलाने विचारलं.

जयराम तिच्याकडे बघत राहिला. मुळगाव आजोळ असलेल्या बाईने हे विचारावं?

"देवचाराक दिल्लें कोण काडटा? तुजो आजो काडटालो?"

"नाही," ती म्हणाली. तिने पिशवीतला किरणमापक बाहेर काढला. "कोणीच काढत नाही. केळ्यांच्या खाली काय आहे, ते तर कोणी बघतसुद्धा नाही. बरोबर?"

जयरामचं तोंड उघडं राहिलं. त्याला सुचलं ते सगळ्यांच्या आधी त्याच्या पायांना सुचलं. ते दोन पावलं मागे गेले.

५

देवचाराची जागा कुंपणाच्या फटीपासून हाकेच्या अंतरावर, एका काजऱ्याच्या झाडाखाली होती. सुमंगलाने सगळ्यांना लांब उभं केलं. तोवर तिच्या निरोपावरून सागर आला होता, दत्तप्रसाद आले होते, आणि त्यांच्या मागे सर्वेश.

ती मापक समोर धरून झाडाच्या मागून गेली. काटा शांत होता. पुढच्या अंगाला हात लांब करून मापक नेला, तसं यंत्र किंचाळलं.

केळ्यांचा घड, देवचाराच्या मापाच्या भल्या मोठ्या वहाणा, हळद-कुंकू, आणि त्याखाली करड्या रंगाचं भांडं. खीळ गंजून तुटलेली, दांडा सुटून फिरलेला. झडप उघडी होती. नशीब एवढंच, की तोंड ओसाड उताराकडे होतं.

"काठी द्या. लांब. आंबे काढायची चालेल."

जयरामने पोराला पिटाळलं. काठी आली. सुमंगलाने झाडाआडून दांडा ढकलला. पहिल्यांदा तो हलला नाही. दुसऱ्यांदा करकरला. तिसऱ्यांदा मिटला, आणि यंत्र गप्प झालं.

मग सागर बोलला. "केळी आणि वहाणा! मॅडम, सिंधुदुर्गात देवाला हेच घालतात. भिकाजी कुठला? सिंधुदुर्गचा. घ्या!"

"नेमकं!" दत्तप्रसाद म्हणाले. "मी सकाळीच म्हणालो होतो."

पुरावा सापडला होता, आणि तो थेट कोठडीकडे चालत निघाला होता.

६

"गावकर," ती म्हणाली, "भिकाजी वॉचमन या देवचाराला काय घालतो?"

जयरामने तोंड फिरवलं. कंपनीच्या वॉचमनच्या बाजूने बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण देवचार दहा हातांवर होता.

"सोरो," तो शेवटी म्हणाला. "तो भायलो खरो. पूण अवसेक सोरो घालपाक कधीं चुकलो ना. वाण्याक बुडयता, देवचाराक ना."

"ऐकलंत, इन्स्पेक्टर? इतकी वर्षं सोरो घालणारा माणूस, भांडं लपवायच्या दिवशीच केळी घालेल? पकडलं जावं म्हणून?"

सागरने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"कुलूप चावीने उघडलं. चाव्या तीन. गावकऱ्यांकडे एकही नाही, आणि त्यांच्यातला कोणी देवचाराला शिवराक करणार नाही. भिकाजी गेला. आता हे दत्तप्रसादबाब. यांना देवचार इथे राहतो हेच माहीत नाही. यांच्या नकाशात या झाडाच्या जागी पार्किंग आहे."

"पार्किंग?" जयराम गुरगुरला.

"प्रस्तावित," दत्तप्रसाद घाईने म्हणाले.

"हे काम अशा माणसाचं, ज्याला देवचार माहीत आहे, पण हा देवचार माहीत नाही. दिलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही हे ज्याच्या अंगात मुरलंय. नुसतं भांडं ठेवलं तर कोणी उचलेल, पण वर पूजा घातली की ते देवचाराचं झालं. मग त्याने ती घातली, त्याच्या स्वतःच्या वाड्यावर घालतात तशी. पेडणं सिंधुदुर्गाला लागून आहे, रीत तीच."

आता सगळे सर्वेशकडे बघत होते. सर्वेश हसला. इस्त्री अजून मोडली नव्हती.

"मॅडम, पेडण्यात लाख माणसं आहेत. केळी घालणं गुन्हा नाही."

"नाही. आणि मला गुन्ह्याशी घेणंदेणं नाही, ते सागरचं काम." ती त्याच्याजवळ गेली. आवाज खाली आणला. "माझं काम दुसरं आहे. झडप कधी उघडली ते मला माहीत नाही. हातगाडीवर, की कुंपणातून पोटाशी धरून काढताना. ज्याने उचललं त्याला आजच इस्पितळात पाठवायला हवं. दांडा त्याच्या अंगाकडे होता की बाहेर, आणि किती वेळ, एवढंच मला कळायला हवं. त्याने सांगितलं नाही, तर मी काही करू शकत नाही."

वारा पडला होता. सर्वेशचा हात आपसूक शर्टाच्या शेवटच्या गुंडीवर गेला. आपला हात तिथे आहे हे त्याला कळलं, आणि त्याने तो काढला. मग पुन्हा ठेवला.

"दांडो..." तो म्हणाला. कार्यालयातली मराठी कुठल्या कुठे गेली. "दांडो म्हजे वटेन आशिल्लो. पोटाकडेन. कुंपणांत शर्ट अडकलो, थोडो वेळ तसोच उबो रावलों."

"का?"

"सायबान सांगलें, पावणे येवचे आदीं ती पिडा दोळ्यांआड कर. ते गेल्यावर परत हाडून दवरपाचें आशिल्लें. देवाची आण! तुमी आयलीं आनी..."

"मी डोळ्यांआड म्हणालो होतो," दत्तप्रसाद म्हणाले, "चोर म्हणालो नव्हतो."

"भिकाजीला म्हणालात," सुमंगला म्हणाली. "आणि हा शेजारी उभा राहून ऐकत होता."

सर्वेशने तिचा दंड धरला. "बाय, हांव मरतलों?"

"नाही. थोडाच वेळ होता. रक्त तपासतील, काही दिवस लक्ष ठेवतील. बहुतेक काही होणार नाही."

त्याने दंड सोडला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका आली, आणि तिच्या पाठोपाठ एक वेगळाच संताप.

"मग हांवें कित्याक सांगलें?"

सागरने त्याला इस्पितळात न्यायला खांद्याला धरून जीपकडे नेलं. सकाळी भिकाजीला नेलं होतं तितक्याच प्रसन्नपणे.

७

संध्याकाळी भिकाजीला सोडलं. ठाण्याच्या दारात दत्तप्रसाद नवा युनिफॉर्म घेऊन हजर होते, अजून घडीत असलेला.

"भिकाजी, झालं गेलं विसरून जा. उद्या सकाळी गेटवर. कडक सलाम. पाहुणे मोठे आहेत."

भिकाजीने युनिफॉर्म घेतला, उलटसुलट बघितला, खिसे किती आहेत ते पाहिलं आणि सागरच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो तुमका होतलो काय बघा," तो दत्तप्रसादना म्हणाला. "पोटात जरा घट्ट होयत."

सिद्धीने बापाचा हात धरला. सुमंगलाजवळून जाताना ती थांबली. आभार मानेल असं सुमंगलाला वाटलं, आणि आपल्याला तसं वाटावं याची तिला लाज वाटली.

"आज भांडा गावला म्हणान बरा," सिद्धी म्हणाली. "नाय गावला असता तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंगला गेटबाहेर उभी होती. भांडं जाड पेटीत बंद होऊन तिच्या गाडीत चढलं होतं, गाडीवर पिवळं किरणचिन्ह. अणुदीपच्या अर्जावर तिने रात्रीच स्थगितीची शिफारस केली होती. दत्तप्रसादना ते कळलं होतं, पाहुण्यांना अजून नव्हतं.

दोन लांब काळ्या गाड्या आल्या आणि बंद गेटसमोर थांबल्या. गेटवर कोणी नव्हतं. दत्तप्रसाद सूटमध्ये आतून धावत आले, कडी काढली, ओढलं. गेट खाणीच्या काळातलं, बिजागरीत बसलेलं. हललं नाही. त्यांनी खांदा लावला. सूटच्या खांद्यावर गंजाचा तांबडा पट्टा उमटला.

समोरच्या चहाच्या गाड्यावर जयराम आणि त्याचे लोक भजी-पाव खात होते. आज एकानेही दगड उचलला नव्हता. सल्ले मात्र सगळे देत होते.

"सायबा, वयर उखल!"

"वयर न्हय, सकयल दाब!"

"नाल्ल फोड रे एक!"

मागच्या गाडीची काच खाली आली. आत बसलेल्या पाहुण्याने बंद गेट पाहिलं, गेटला लोंबकळणारे संचालक पाहिले, आणि शेजारची पिवळ्या चिन्हाची गाडी जरा जास्त वेळ पाहिली. काय अडचण आहे, असं त्याने इंग्रजीत विचारलं.

जयरामने हात लेंग्याला पुसले, गाडीपाशी गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कंपनीच्या पाहुण्याशी अदबीने वाकून बोलला.

"कांय ना, सायबा. सेफ्टी."

काच वर गेली. गाडी मागे घेता येईल का, हे ड्रायव्हर आरशात बघू लागला.